काकूंना विचारलंय

क्लबातली गुरुवारची चर्चेची बैठक ग्रंथपाल सरांनी इतकी वर्षं चालवली होती, की ती त्यांच्याशिवाय चालू शकते हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मग सरांचं मुलीकडे राहायला जायचं ठरलं आणि एका गुरुवारी त्यांनी सगळ्यांदेखत मॅडमकडे बोट दाखवलं.

"ही चालवेल. हिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो."

मॅडम मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. त्यामुळे सगळेच त्यांना मॅडम म्हणत, चिडवायचं असलं की नवरासुद्धा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून त्या सांगायच्या, क्लच सोड, आरशात बघ, घाई करू नकोस. सांगायची सवय अंगात इतकी मुरलेली, की घरी कुणी भाजी चिरत असलं तरी त्यांच्या तोंडून सूचना निघायच्या.

क्लब म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची दोन मजली इमारत. खाली टेबल टेनिसचं टेबल, वर बैठकीची खोली. सगळं वस्तीतले लोकच चालवायचे. कुणी झाडून काढायचं, कुणी मुलांना गणित शिकवायचं, कुणी गळका नळ बघायचं. पगार कुणालाच नाही, त्यामुळे भांडणंही बेताचीच.

मॅडमची पहिली बैठक होती 'मुलांना किती मोकळीक द्यावी' या विषयावर. त्यांनी प्रश्न विचारला. कुणी लगेच बोललं नाही, म्हणून तोच प्रश्न सोपा करून विचारला. मग एक उदाहरण दिलं, मग दुसरं. बघता बघता वेळ संपली आणि लोक चपला शोधायला लागले.

जिना उतरताना सर म्हणाले, "प्रश्न छान होता. उत्तरही छान होतं. पण दोन्ही तुझीच होती."

"कुणी बोलेनाच, सर. मग काय करायचं?"

"थांबायचं. लोक गप्प असतात तेव्हा ते विचार करत असतात. आपल्याला वाटतं गाडी बंद पडली."

हे ऐकायला सोपं होतं. घरी त्यांनी नवऱ्यावर सराव केला. जेवताना विचारलं, "आज दुकानात काय झालं?" आणि त्याच्याकडे नुसतं बघत बसल्या. नवऱ्याचं रंगांचं दुकान होतं. रोज "काही नाही" म्हणून तो सुटायचा, तसंच आजही म्हणाला. बायको बघतेच आहे हे पाहून त्याने घास खाली ठेवला.

"तुला बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. तू बोल."

तो जरा वेळ चुळबुळला आणि मग एका गिऱ्हाइकाने भिंतीला लावलेला रंग परत घ्या म्हणून कसा वाद घातला, ते त्याने रंगवून सांगितलं. मॅडमना हसू आवरेना. इतकी वर्षं हा माणूस इतका गमतीदार बोलतो हे आपल्या गावीही नव्हतं, असं त्यांना वाटलं.

सर गेल्यावर बैठक हळूहळू मॅडमच्या अंगवळणी पडली. एक अडचण मात्र होती, ती म्हणजे रेडिओ.

रेडिओ म्हणजे लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले काका. विषय कोणताही असो, त्यांच्याकडे त्यावर एक किस्सा असायचाच आणि तो कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये घडलेला असायचा. किस्से चांगले होते, पण एकदा सुरू झाले की दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागा उरत नसे. नर्सबाई बोलायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. क्लबाच्याच गल्लीतला पोस्टमन तर बोलायच्या भानगडीतच पडत नसे.

मॅडमनी स्वयंपाकघरातला टायमर आणला. प्रत्येकाला ठरावीक वेळ, वाजला की थांबायचं. युक्ती कामी आली. नर्सबाई वॉर्डातल्या रात्रींबद्दल असं काही बोलल्या, की सगळे ऐकत राहिले. पोस्टमननेही दोन वाक्यं बोलून दाखवली. मॅडम खुशीत होत्या.

पुढच्या गुरुवारी विषय होता आजारपणाचा. रेडिओकाका या वेळी लिफ्टमध्ये शिरले नाहीत. "आमच्या हिचं सांगतो," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, पण घसा खाकरण्यात आणि चष्मा काढण्यात वेळ गेला. "ही सकाळी चहा ठेवत होती, आणि मला हाक मारायला म्हणून तिनं–" एवढं झालं आणि टायमर वाजला.

काकांनी टायमरकडे बघितलं. "झालं माझं," म्हणाले आणि चष्मा लावून बसले. मॅडमना त्यांना पुढे बोला म्हणायचं होतं. पण नियम आपणच केलेला, तो लगेच कसा मोडायचा, या विचारात क्षण निघून गेला आणि शेजारचा माणूस बोलायला लागला.

त्यानंतर काका यायचे थांबले. पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. नंतर खोली जरा जास्तच शांत वाटायला लागली. "प्रकृती बरी नसेल," असं लोक म्हणायचे. मॅडमना मात्र ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवत राहायचं. शेवटी एका संध्याकाळी शिकवणी आटोपून त्या पोस्टमनकडून पत्ता घेऊन काकांच्या दारात उभ्या राहिल्या. पोस्टमन तळमजल्यावर काकांच्या समोरच राहायचा.

काकांनी दार अर्धवट उघडलं, मग ओळखून पूर्ण. "या मॅडम, या. घर जरा पसरलंय."

घर अजिबात पसरलेलं नव्हतं. खिडकीशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि हाताबरोबर वाचाही गेली होती, असं काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. या गोष्टीला त्यांना किस्सा जोडता आला नाही.

"बसा. चहा टाकतो. हिला नको असतो या वेळेला," म्हणत ते आत गेले आणि आतूनच बोलत राहिले. डॉक्टर काय म्हणाले, भाजीवाला कसा फसवतो, पंखा आवाज करतोय. मॅडमनी काकूंकडे बघितलं. काकूंनी त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या, हे असंच चालतं अशा अर्थाने. मॅडमना हसू आलं. काकूही तोंडाच्या एका बाजूने हसल्या.

चहा आला, दोन कप. मॅडमनी आपला कप काकूंसमोर धरला आणि काकूंनी डाव्या हाताने तो घेतला. काका उठून तिसरा कप घेऊन आले.

"माझं चुकलं त्या दिवशी," मॅडम म्हणाल्या. "तुमचं बोलणं तोडायला नको होतं."

"छे हो. नियम म्हणजे नियम." काकांनी बशीत चहा ओतला. "खरं सांगू का, घरात दिवसभर मीच बोलतो. तिथे आलं की कुणीतरी उलटून बोलतं. लोकांना ते आवडत नाही, मला त्याचीच हौस होती. पण त्या दिवशी वाटलं, आपण फार जागा अडवतो."

मॅडम म्हणाल्या, "काकूंना घेऊन या की."

"हिला आता माणसांत नको वाटतं."

"काकू, तुम्ही याल?"

"अहो, तिला गर्दी–"

"काका, काकूंना विचारलंय."

मग त्या थांबल्या. हे थांबणं क्लबातल्या थांबण्यासारखं नव्हतं. काकूंचे ओठ जुळत आणि सुटत होते, मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या आणि काका खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. विचारून आपण यांना छळतो आहोत, असं मॅडमना वाटलं. तरी त्या गप्प राहिल्या.

"जि... ना?" काकू म्हणाल्या.

मॅडमना कळायला क्षणभर लागलं. बैठकीची खोली वर होती.

"जिना मी बघते," त्या म्हणाल्या.

काका हताश होऊन म्हणाले, "शहरभर लिफ्टा दुरुस्त करत फिरलो आणि नेमकी आमच्या क्लबालाच लिफ्ट नाही."

बैठक खाली आणायची म्हटल्यावर टेबल टेनिसवाल्यांनी आधी कुरकुर केली, मग गुरुवारपुरतं टेबल दुमडून भिंतीला लावलं. खुर्च्या गोलात मांडल्या. टायमर मॅडमनी आणलाच नाही, कुणी विचारलंही नाही. विषय साधा ठेवला: बाहेर जाताना शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी का?

काका काकूंचा हात धरून आले. काकूंनी केस नीट विंचरले होते. सगळ्यांनी जरा जास्तच मोठ्याने "या, या" केलं, कारण काय बोलावं कुणाला सुचत नव्हतं.

चर्चा रंगली. किल्ली द्यावी म्हणणारे आणि अजिबात नको म्हणणारे, असे दोन तट पडले. काकांनी एका बंद घरात राहिलेल्या मांजराचा किस्सा सांगितला आणि सगळे मनापासून हसले. हसणं ओसरलं तेव्हा काकूंनी डावा हात वर केला होता.

काका म्हणाले, "हिला असं म्हणायचंय की–"

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या.

काका थांबले. खोली थांबली. कुणीतरी खुर्ची सरकवली, त्याचाही आवाज मोठा वाटला. पोस्टमन जमिनीकडे बघत होता.

"द्या... वी," काकू म्हणाल्या. श्वास घेतला. "कुणी... तरी... येतं."

नर्सबाईंनी मान हलवली. मॅडमना वाटलं, झालं. पण काकूंचा हात वरच होता.

"हे... दार... लावून... घेतात."

कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला, कुणाच्या लगेच आलं. मॅडमनी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मध्ये पडावं, विषय बदलावा, चहा घेऊ या म्हणावं, हे सगळं मॅडमच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. हे बोलणं आता त्या दोघांचं होतं.

"लोक यायचे," काका म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्याशी बोलायचे, तुला उत्तर देता यायचं नाही आणि ते गेले की तू झोपून जायचीस. मला वाटलं तू दमतेस."

"दमते," काकू म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. "तरी."

काकांनी मान खाली घातली. कुणीही काही सांत्वन केलं नाही, हे मॅडमना फार बरं वाटलं.

शेवटी पोस्टमनने घसा साफ केला. "मी समोरच राहतो. दोनदा दार वाजवलं होतं मी. काका म्हणाले, तुम्ही झोपल्यात. मग मला वाटलं, उगाच कशाला त्रास." त्याने मान वर करून काकूंकडे बघितलं. "माझी आई येईल बसायला. तिला ऐकू कमी येतं, तेव्हा तुम्हाला घाई नाही."

काकूंना हसू फुटलं. आधी त्यांनाच, मग हळूहळू सगळ्यांना. काकाही डोळे पुसत हसले.

घरी आल्यावर मॅडम नवऱ्याला म्हणाल्या, "आज मी जेमतेम चार वाक्यं बोलले आणि इतकं दमायला झालंय, जणू दिवसभर गाडी ढकलली."

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं आणि टीव्ही बंद करून तो त्यांच्याकडे बघत बसला.

पुढे काही सगळं सुरळीत झालं असं नाही. काका अजूनही मधूनच काकूंचं वाक्य पुरं करून टाकतात आणि काकू डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघतात. त्यांची सगळीच वाक्यं पुरी होत नाहीत. काही गुरुवारी एकही शब्द येत नाही आणि त्या नुसत्या ऐकून घरी जातात. मॅडमही कधी कधी घाई करतात आणि नंतर मनातल्या मनात खजील होतात. पण पोस्टमनची आई दुपारची काकूंकडे बसायला जाते, नर्सबाई ड्यूटीवर जाता जाता डोकावतात आणि काकांच्या घराची एक किल्ली समोरच्या दारामागे खुंटीला असते.

परवा काकांनी बैठकीत तक्रार केली की घरात इतकी माणसं येतात, त्यांना स्वतःला बोलायला मिळतच नाही. मॅडमनी त्यांना बोला म्हटलं. काकांनी खुर्ची पुढे ओढली, लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकवली आणि सगळे आरामात मागे टेकून बसले.