पडद्यावर न उमटलेला पासवर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे मित्रांनो, आणि जुना म्हणजे निकामी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता, त्याची ही हकीकत.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं प्रत्येक अक्षर ठसठशीत होतं. मग मी मामांकडे आलो. मामा घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि ते घरी कॉम्प्युटरवर जुन्या घड्याळांची चित्रं बघत बसू लागले. टाइप करायचे तो जवळजवळ फक्त पासवर्ड, आणि तोही सगळीकडे एकच.

पुढे कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालू लागला. तेव्हा त्यांच्या भाचीने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही हलकी, मोफत प्रणाली घातली आणि तो पुन्हा तरतरीत झाला. मग तिने मला उचलून उजेडात धरलं.

"मामा, तुझा पासवर्ड ओळखू? या पाचच बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत. मामीचं नाव ना?"

मामा ओशाळले. मामी मात्र खूश झाल्या.

भाचीने प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड करून दिला, सगळे एका वहीत उतरवले आणि वही मामींच्या कपाटात ठेवायला लावली. कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र मामांनीच ठरवला. ते टाइप करत होते तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहिली. "मलाही सांगायचा नाही," ती म्हणाली. "आणि दर महिन्याला या काळ्या चौकटीत ही ओळ लिहायची, पासवर्ड द्यायचा, की नवीन सुधारणा आपोआप येतात." एवढं सांगून ती नोकरीच्या गावी गेली.

महिना झाला. मामांनी ओळ लिहिली, ती नीट उमटली. मग पासवर्ड लिहू लागले, तर पडद्यावर काहीच नाही. अक्षर नाही, नेहमीचा ठिपकाही नाही. मित्रांनो, मी एकूण एक अक्षर इमानेइतबारे पोचवत होतो! पण मला तोंड कुठे?

मीच मध्येच बंद पडलो असं समजून मामांनी मला उलटं करून थोपटलं. नंतर माझी सगळी बटणं काढली, ब्रशने धूळ झाडली आणि एकेक बटण पुसून जागच्या जागी बसवलं. अशी अंघोळ मला जन्मात घडली नव्हती. तरी पुन्हा तेच.

"माझ्या हाताखालून गेलेली वस्तू बंद राहिली, असं कधी झालं नव्हतं," ते मामींना म्हणाले. "नजर गेली, आता हातही गेले. देऊन टाक हे सगळं भंगारात."

भंगाराची भीती मलाही होती. पण त्यांचा तो पडलेला आवाज मला जास्त लागला.

मामींनी सरळ भाचीला फोन लावला. सगळं ऐकून ती हसली नाही.

"मामा, कीबोर्ड चांगला आहे आणि तुझे हातही. तिथे पासवर्ड दिसतच नाही, मागून कोणी अक्षरं मोजू नयेत म्हणून. मला ते इतकं सवयीचं, की सांगायचंच राहिलं. चूक माझी. तू नुसता टाइप कर आणि एंटर दाब."

मामांनी चष्मा काढून ठेवला. बोटं सावकाश फिरली, एकही चुकलं नाही. एंटर दाबताच काळ्या चौकटीत ओळींमागून ओळी धावू लागल्या.

"अगं, चाललं की!" मामा एवढ्या मोठ्याने म्हणाले, की मामींच्या हातातला फोन पडता पडता वाचला.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमच्यावर चहा सांडू नका, हे तर आहेच. पण घरातल्या मोठ्यांना काही शिकवाल, तेव्हा तुम्हाला जे सांगण्यासारखंच वाटत नाही, ते आधी सांगा. तेवढ्या एका वाक्यावाचून माझ्या मामांनी आपले हात गेले असं मानलं होतं.