साळूबाई एक पाऊल मागे उभी होती

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळातला, तीन पायांवर उभा राहून काळं कापड पांघरणारा नव्हे. माझं वय अवघं अकरा वर्षं; पण आमच्या जातीत अकराव्या वर्षीच पैलतीर दिसू लागतो. सध्या माझा मुक्काम आटपाडीत, बशीरच्या फोटो स्टुडिओतल्या काचेच्या कपाटात आहे. माझ्या पोटाचं दार मोडलेलं आहे आणि मी आता फोटो काढू शकत नाही. ते दार कसं मोडलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं हातमोजे घालून काम करत आणि धुळीचा कण दिसला तरी कपाळाला आठ्या घालत. माझ्या आधीच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असायचा. बटण दाबलं की तो खटकन वर उडायचा. माझ्या पोटात आरसा नाही, म्हणून मी अंगाने लहान आणि आवाजाने गरीब. भिंगातून आलेला उजेड थेट माझ्या सेन्सरवर पडतो. सेन्सर म्हणजे उजेड झेलणारी चकचकीत पाटी. माझी पाटी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी, आणि मोठ्या कॅमेऱ्यांची तिच्या चौपट. या लहानपणाचे टोमणे मी जन्मभर खाल्ले आहेत. उगाच कशाला लपवायचं?

बशीरने मला आणलं तेव्हा त्याचं दुकान नवं होतं. आमच्याकडे कामाला तोटा नव्हता. शाळेच्या फॉर्मचे फोटो, बारशी, साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं. आटपाडीच्या बाजारात माडग्याळी मेंढे येत, त्यांचेही फोटो मी काढले. मेंढ्याचं बाकदार नाक बाजूने नीट आलं नाही, तर मालक स्वतःचा फोटो बिघडल्यासारखा रागवायचा. बशीर मला खांद्याला अडकवून मोटरसायकलवरून चाळीस-चाळीस मैल हिंडे. माझं वजन त्याला कधी जाणवलंच नाही, असं तो सगळ्यांना सांगे. ते ऐकून मला फार बरं वाटे.

पण माझं सगळ्यात मोलाचं काम वेगळंच होतं. म्हसवडच्या पुढे, माण तालुक्यात एक वाडी आहे. तिथे घरटी एक माणूस पलटणीत. सुट्टी संपवून जवान निघाला की गाडीत बसण्याआधी दारातल्या कडुलिंबाखाली घरच्यांबरोबर त्याचा फोटो काढायचा, अशी त्या वाडीची रीत. हा फोटो कशासाठी काढतात ते कुणी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊक मात्र होतं. पोरगा पुढे गणवेशात उभा राहायचा, शेजारी वडील, भाऊ. आई मात्र एक पाऊल मागे उभी राहायची. जाणाऱ्याला आईच्या डोळ्यांतलं पाणी दिसू नये, पाय अडतो, असं तिथल्या बायका मानत.

आकारामनाना आणि साळूबाईंचा शंभूराज असाच पलटणीत होता. दर सुट्टीच्या शेवटी आम्हाला बोलावणं यायचंच. बशीर दर वेळी हाक मारायचा, "आवं काकी, जरा म्होरं या की." साळूबाई हिरव्या लुगड्याचा पदर सावरत म्हणायच्या, "न्हाई रं बाबा, मी हितंच बरी हाय. तू काढ." मग बशीर हसून बटण दाबायचा. त्याला काळजी नव्हती, कारण माझ्या लहान पाटीचा एक गुण आहे. पुढचा माणूस आणि त्याच्या मागे दोन-चार हातांवर उभा असलेला माणूस, दोघंही तिच्यावर जवळजवळ सारखेच स्पष्ट उमटतात. मोठ्या पाटीवर भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, की नेम धरलेला माणूस तेवढा लख्ख आणि मागचं सगळं महाबळेश्वरच्या आषाढातलं धुकं.

आणि गंमत बघा, लोकांना ते धुकंच आवडायला लागलं. "मागचं पुसट करा, पिक्चरमधल्यावानी," असं गिऱ्हाईक सांगू लागलं. त्यात संध्याकाळच्या हळदीत, मांडवाच्या मिणमिणत्या उजेडात, माझ्या फोटोंवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे. हा माझा दोष खरा. एका नवरीच्या मामाने तर अल्बम परत केला. सांगलीत स्टुडिओ असलेला अजमल, बशीरचा मावसभाऊ, मला हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाला, "गड्या, ह्या खेळण्यानं लग्न काढतूयास व्हय? सांगलीत लोक हसत्याल."

बशीरने मला त्याच्या हातातून परत घेतलं. पण त्याच महिन्यात मोठ्या पाटीचा नवा कॅमेरा दुकानात आला. त्याच्याही पोटात आरसा नव्हता, म्हणजे नात्याने आम्ही चुलतभाऊच. मला वाटलं, निदान माझी दोन भिंगं तरी त्याच्या कामी येतील. पण प्रत्येक घराण्यात, म्हणजे कंपनीत, भिंग बसवायच्या खोबणीची घडण वेगळी असते. ती भिंगं त्याला बसेनात. फोटो साठवायचं त्याचं कार्डही वेगळं. शेवटी मी, माझी भिंगं आणि माझ्या पोटातलं कार्ड, सगळी वरात कपाटात गेली. बॅटरी काढून ठेवायचं बशीरच्या लक्षात राहिलं नाही. त्याच आठवड्यात मी शंभूराजचा फोटो काढला होता. तो माझा शेवटचा फोटो.

नवा आला म्हणून मी खूप जळलो, हे कबूल करतो. पण खोटं बोलणार नाही. तो कामाला चोख होता. अंधाऱ्या मांडवातही नवरीच्या बांगड्या मोजून घ्याव्यात असे फोटो तो काढायचा. चार वर्षं मी कपाटातून त्याचं कौतुक ऐकलं. माझ्यावर धूळ बसली, एका भिंगात बुरशीची जाळी धरली आणि बॅटरी हळूहळू फुगत गेली. एकदाही कुणी दार उघडून बघितलं नाही.

यंदा फाल्गुनातली गोष्ट. दुपारी दुकानाच्या पायरीवर आकारामनाना येऊन उभे राहिले. डोकं भादरलेलं, हातात पिशवी. बशीर धावत बाहेर गेला.

"नाना, आत या की. असं दारात का?"

"सुतक हाय रं. साळू गेली. आज पाचवा दिस."

बशीरने त्यांचा हात धरला. "माझ्या दुकानाला सुतक न्हाई नाना. बसा," म्हणून त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

साळूबाई रानात शेरडं राखताना बसल्या जागी गेल्या होत्या. शंभूराज बर्फातल्या चौकीवर होता. रस्ता बंद होता, त्यामुळे त्याला आईचं शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं. फोनवर त्याने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली होती. तेराव्याला हार घालायला आईचा मोठा फोटो हवा. आणि घरात साळूबाईंचा एकही धड फोटो नव्हता. लिंबाखालच्या जुन्या फोटोंत दर वेळी पदर नाकापर्यंत ओढलेला. मोबाईलमध्ये होते ते सगळे पाठमोरे. चुलीपुढे, नाहीतर शेरडांमागे. आधार कार्डावरच्या फोटोत त्या कुणी परक्याच वाटत होत्या.

नानांनी पिशवीतून एक मोठा फोटो काढला. गेल्या दिवाळीनंतर नव्या कॅमेऱ्याने काढलेला, लिंबाखालचा. "ह्यातनं हिला येगळी काढून दे," ते म्हणाले.

बशीरने तो फोटो संगणकावर उघडला आणि मोठा करत नेला. शंभूराजच्या छातीवरच्या पट्ट्यांचा दोरान् दोरा दिसत होता. नानांच्या मिशीचे केस मोजता येत होते. मागे हिरव्या लुगड्याचा सुंदर, मऊ रंग पसरला होता. त्या रंगाच्या वर चेहऱ्याच्या जागी गव्हाळ रंगाचा एक गोल होता. बशीर तो गोल लहान-मोठा करत राहिला; नव्या कॅमेऱ्याने आधीच्या सुट्ट्यांत काढलेले फोटोही त्याने उघडले, तेही तसेच. पण जे उमटलंच नाही, ते मोठं करून कुठून येणार?

नाना पुढे वाकले. "हिचं त्वांड कुठं गेलं रं?"

बशीरने माऊस बाजूला सारला. मग तो म्हणाला, "नाना, चूक माझी हाय. काकींनी त्या दिशी मला इचारलं हुतं. 'हितं उभी ऱ्हायले तर दिसतीया का रं मी?' मी म्हनलं, 'दिसताय की काकी, लय झ्याक.' मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. मागं हिरवा रंग बरा दिसतूया, एवढंच बघितलं."

मित्रांनो, हे ऐकलं आणि माझा सगळा मत्सर गळून गेला. नव्या कॅमेऱ्याचा यात काय दोष? भिंगाचं तोंड थोडं मिटून घेतलं असतं, तर त्यानेही साळूबाईंना स्पष्ट टिपलं असतं. आणि खरं सांगू? या चुकीत माझाही वाटा आहे. मी त्याच्या हातात होतो तोवर बशीरला मागच्या माणसाची चिंता करावी लागत नव्हती. ते काम माझ्या लहानपणाने आपोआप व्हायचं. त्याला मागे बघायची सवय लागली नाही, ती माझ्यामुळेच.

नाना उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते फोटो पिशवीत परत घालू लागले. तेवढ्यात बशीरची नजर कपाटाकडे गेली.

"नाना, थांबा. जुन्या क्यामेऱ्यात एक असंल."

त्याने मला खाली काढलं, फुंकर मारली आणि पोटाचं दार उघडायला गेला. ते हलेना. फुगलेल्या बॅटरीने ते आतून आवळून धरलं होतं, आणि कार्ड त्या दाराच्याच आड होतं. बशीरने बारीक पेचकस घेतला. मला कळत होतं की जोर लावला तर दार मोडणार आणि मी कायमचा जाणार. त्यालाही ते कळत होतं. माझ्या पाठीवरून अंगठा फिरवून तो हळूच म्हणाला, "माफ कर गड्या." मग कट्कन आवाज झाला. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण कार्ड निघालं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी आम्ही तीन फोटो काढले होते. घरी दिला होता तो पहिला. त्यात साळूबाईंनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसरा बशीरने तेव्हा संगणकावर घेतलाच नव्हता, कार्डातच राहू दिला होता, कारण 'काकींचं लक्षच न्हाई ह्यात.' तो तिसरा पडद्यावर आला. बशीरने मागची जागा मोठी केली. माझ्या जुन्या खोडीप्रमाणे थोडे दाणे दिसले. पण कपाळावरचं गोंदण, गालावरचा तीळ, कानातली फुलं, सगळं जिथल्या तिथे होतं.

नानांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आली," ते म्हणाले. "बशीर, ही आली रं." आणि ते लहान पोरासारखे रडू लागले. बशीरही रडत होता. मी दार मोडलेला, टेबलावर पडून होतो. तेवढा मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

नवव्या दिवशी शंभूराज पोचला. तेराव्याला त्या फोटोला हार चढला. पुन्हा निघायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. बशीरने त्याच्यासाठी त्याच फोटोची एक लहान प्रत करून ठेवली होती. ती हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "बशीरभाई, आई सरळ बघत न्हाई ह्यात. कुणाकडं बघत्या ती?"

बशीरने न कापलेला, अख्खा फोटो पडद्यावर लावला. लिंबाखाली शंभूराज छाती काढून पुढे उभा होता. शेजारी नाना. आणि एक पाऊल मागे साळूबाई. त्यांची नजर शंभूराजवर होती, टोपीखालच्या त्याच्या मानेवर. दोन्ही डोळे भरले होते, आणि त्यांतलं पाणीसुद्धा माझ्या लहान पाटीवर स्पष्ट उमटलं होतं.

शंभूराज खुर्चीत बसला. "दर साली ही अशीच बघत असंल," तो म्हणाला. "मला कवाच दिसलं न्हाई. मी आपला क्यामेऱ्याकडं बघत हुतो."

त्याने लहान प्रत बशीरला परत दिली. "ही नगं. मला अख्खा द्या. आमी दोघंबी असलेला."

त्यानंतर बशीर मोठ्या कॅमेऱ्यानेच काम करतो, आणि तेच बरोबर आहे. पण लिंबाखाली फोटो काढण्याआधी तो कॅमेरा खाली ठेवतो, चालत मागच्या रांगेपर्यंत जातो आणि एकेका बाईचा चेहरा नीट बघून येतो. मगच भिंगाचं तोंड मिटतं घेतो. बायका हसतात. तो हसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कपाटात ठेवाल तेव्हा तिची बॅटरी काढून ठेवा. पावसाळ्यात भिंगांना कोरडी जागा द्या, अधूनमधून कपाटाचं दार उघडून उजेड-वारा लागू द्या. जुनी झाली म्हणून तिच्या पोटात काय राहिलंय ते न बघता टाकून देऊ नका. फोटो काढणार असाल, तर मागे कोण उभं आहे ते आधी बघा. आणि फोटोत पुढे उभे असाल, तर निघण्याआधी एकदा मागे वळून बघा.