यॉमच्या पाठीवरचं डोकं

डुकराचं डोकं पुरेसं हसत नाही, अशी तक्रार पांगसाहेबांनी गाडी सुटण्याआधीच केली. ते गाडीच्या पायरीवर उभे होते. यॉमने कापडाची गाठ सोडून उकडलेलं डोकं त्यांच्यापुढे धरलं होतं आणि आत बसलेली मंडळी माना लांब करून ते हसतंय की नाही हे ठरवत होती. आमच्या कारखान्यात भांड्यांची झाकणं होतात. त्यातलं एखादं वाकडं निघालं तर यांच्यापैकी कुणी मान वळवत नाही. डुकराच्या जिवणीचा बाक मात्र सगळ्यांना कळत होता.

"खाटीक म्हणाला, याहून हसरं आज मिळायचं नाही," यॉम म्हणाला.

"तुझं तोंड बघून दिलं असेल त्याने," पांगसाहेब म्हणाले. गाडी हसली. यॉमने कापडाची गाठ पुन्हा बांधली.

त्याची आठ वर्षांची मुलगी सेबोम माझ्या शेजारी खिडकीपाशी बसली होती. ती हसली नाही. तिने बापाकडे पाहिलं, मग पांगसाहेबांकडे, आणि मग माझ्याकडे. हिशेबखात्यातल्या ह्वांगबोबाईंना, म्हणजे मला, या सगळ्याचा अर्थ माहीत असावा, असं तिला वाटलं असणार. मी खिडकीबाहेर बघितलं.

पांगसाहेब कारखान्याचे जनरल मॅनेजर आणि त्यामुळे आपोआपच आमच्या डोंगरमंडळाचे अध्यक्ष. दर हिवाळ्यात वर्षाची पहिली चढाई व्हायची ती मेबोंग डोंगरावर. शिखरावर दगडापुढे डुकराचं डोकं मांडायचं, जितकं हसरं तितकं शुभ, तांदळाची दारू ओतायची, जमिनीला कपाळ लावून दोनदा नमस्कार करायचा आणि वर्षभर कुणाचा पाय मोडू देऊ नकोस म्हणून डोंगराला विनवायचं. हे लोक वर्षातून तीनदा डोंगरावर जात, त्यातल्या दोनदा पायथ्याच्या खाणावळीपुढे सरकत नसत. त्यामुळे पाय मोडायचा प्रश्न तसा कमीच होता. पण जाकिटं सगळ्यांची एव्हरेस्टला जाण्याच्या लायकीची.

डोकं वाहून न्यायचं काम यॉमचं. तो नोकरीला लागला तेव्हा सगळ्यांत लहान होता, म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं. पुढे त्याच्याहून लहान पोरं आली, पण ह्याने पिशवी पुढे केली नाही आणि त्यांनी मागितली नाही. आता त्याची चाळिशी उलटली होती, केस विरळ झाले होते, आणि दर हिवाळ्यात त्याच्या पाठीवर तेच डोकं. मला त्याची दया येत नसे. ज्याला स्वतःची पाठ सांभाळता येत नाही त्याची दया काय करायची?

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. उपव्यवस्थापकाची जागा रिकामी होती आणि शिखरावर नमस्कार झाल्यावर पांगसाहेब यॉमचं नाव जाहीर करणार, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मुलीला आणलं ते त्याचसाठी. त्याची बायको गरम पाण्याच्या हमामात रविवारीही कामाला जाई, पण तेवढंच कारण असतं तर पोरीला शेजारी ठेवता आलं असतं. वर चढताना सेबोमने मला सांगितलं, की बाबा मंडळात सगळ्यांच्या पुढे चालतात, कारण डोंगराच्या देवाचा पाहुणा त्यांच्यासोबत असतो. घरी त्याने तिला असं सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, खरं आहे.

पाऊलवाट बर्फाने बुजली होती. आम्ही बुटांना लोखंडी दाते बांधले होते. सेबोमच्या पायांत रबरी गमबूट होते, त्यावर दाते बसेनात, म्हणून यॉमने त्यांना सुतळी गुंडाळली होती. तिला पहिल्यांदा फार मजा वाटत होती. वाकलेली फांदी दिसली की ती हलवायची, अंगावर बर्फ पाडून घ्यायचा, बापाला हाक मारून दाखवायचं. यॉम पुढून वळून बघायचा, हसायचा, पाठीवरचं ओझं सावरायचा.

"डुकरा, हळू!" मागून पांगसाहेब ओरडले. "पाहुण्याला धक्के बसतायत."

ही त्यांची दरवर्षीची थट्टा. ओझं कुठलं आणि वाहणारा कोण, यात फरक ठेवायचा नाही, एवढीच त्यात अक्कल. वाहतूकखात्यातल्या दोघांनी लगेच ती उचलली. मग विक्रीवाल्यांनी. दर वळणावर कुणीतरी "डुकरा, हळू!" म्हणायचं आणि बाकीचे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. साहेबांची थट्टा शिळी झाली असं म्हणायची छाती त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती.

सेबोम आधी हसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला यातली गंमत कळली, किंवा हसणाऱ्यांच्या बाजूला जागा जास्त आहे हे कळलं. मुलांना ते लवकर कळतं. एका चढावर यॉमचा पाय घसरला, तो गुडघ्यावर आला, आणि ती सगळ्यांच्या आधी ओरडली, "डुकरा, हळू!"

एवढा हशा दिवसभरात झाला नव्हता. पांगसाहेबांनी तिची पाठ थोपटली. तिचे गाल लाल झाले होते, खुशीने. यॉम उठला, गुडघे झटकले, मागे वळला आणि तोही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान तू तरी हसू नकोस, असं मला त्याच्या कानात ओरडून सांगावंसं वाटलं. पण मीही त्याच साहेबांकडून पगार घेत होते, तेव्हा तोंड मिटून चालत राहिले.

खिंडीत पोचलो आणि वारा लागला. मेबोंगच्या खिंडीत नेहमीच असतो, पण त्या दिवशी जमिनीवरचा बर्फ उचलून तोंडावर मारत होता. मंडळी थांबली, थर्मास उघडले. सेबोम बोलत नव्हती. यॉमने तिला विचारलं, थंडी वाजते का? तिने मान हलवली, नाही. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने तिचा एक गमबूट ओढून काढला. आत बर्फ गेला होता. एकावर एक चढवलेल्या दोन मोज्यांचा एकच ओला गोळा झाला होता आणि बोटं सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी पडली होती. त्याने ती दाबली. "दुखतं का?" "नाही," सेबोम म्हणाली. "काहीच कळत नाही."

मी माझ्याजवळचे कोरडे मोजे दिले. यॉम उठून पांगसाहेबांकडे गेला.

"साहेब, मुलीचे पाय गार पडलेत. मी तिला घेऊन खाली उतरतो. डोकं तेवढं कुणीतरी घेतलं तर..."

"कोण घेणार?" पांगसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकजात सगळे बुटांचे पट्टे आवळायला लागले.

"मग मी परत घेऊन जातो."

"वेड लागलं का तुला? डोंगराला निघालेलं डोकं नमस्काराशिवाय खाली नेतात का कधी?" हे मात्र खरं होतं. तसं कुणी करत नाही. माझ्या वडिलांनीही केलं नसतं. "वर शेगडी आहे, सूप आहे. डोकं पोचव, मग ने पोरीला."

"अजून तासभर चढायचं आहे, साहेब."

"मग इथे बोलत काय बसलास?" पांगसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि यॉम, आज वर मला तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायचेत. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," यॉम म्हणाला.

मंडळी पुढे निघाली. तो मागोमाग येतोय की नाही हे कुणी वळून पाहिलं नाही. तो येणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. आता हा पोरीला चालवत नेणार, रडली तर दटावणार, हे मी धरूनच चालले होते. तरी मी थांबले, ते पोरीसाठी.

यॉमने पाठीवरची पिशवी उतरवली. खिंडीत एक सपाट खडक आहे. त्यावरचा बर्फ त्याने हातमोज्याने झाडला, डोकं बाहेर काढलं आणि खडकावर नीट बसवलं. दारू पुढे गेली होती. त्याच्या थर्मासमध्ये भाजलेल्या जवाचा चहा होता, तो झाकणात ओतून त्याने डोक्यापुढे ठेवला. मग सेबोमला हाताला धरून जवळ उभं केलं.

"बाबा, साहेबांच्या आधी?" तिने विचारलं. पहिला नमस्कार अध्यक्षांचा, तेवढं तिलाही माहीत होतं.

"हो," यॉम म्हणाला. "मी करतो तसं कर."

दोघांनी बर्फात गुडघे टेकले, कपाळ टेकलं, उठले, पुन्हा टेकलं. सेबोमला उठवत नव्हतं, त्याने तिला काखेत हात घालून उठवलं. मग त्या डोंगराकडे बघून, एखाद्या शेजाऱ्याला निरोप सांगावा तसा तो म्हणाला, "मी मुलीला घेऊन खाली चाललोय. आमच्याकडून एवढंच."

त्याने तिला पाठीवर घेतलं, वरून जाकीट टाकलं, बाह्या छातीवर बांधल्या. "बाई, डोक्यावर कावळे बसणार नाहीत, जरा बघाल?" एवढं मला म्हणाला आणि निघाला. उतारावर तो जपून पावलं टाकत होता. मी त्याला इतकी वर्षं डोंगर चढताना पाहत होते. असा जपून चालताना पहिल्यांदाच पाहिला.

मग मी डुकराच्या डोक्याशेजारी बसून राहिले. खाटीक म्हणाला ते खरं होतं, ते बऱ्यापैकी हसरं होतं. बऱ्याच वेळाने मंडळी वरून खाली आली, नाकं गळणारी, शिखरावरच्या वाऱ्याने झोडपलेली. दारू होती, नैवेद्याच्या तांदळाच्या वड्या होत्या, पुढे मांडायला देवाचा पाहुणा नव्हता. पांगसाहेबांनी खडक पाहिला, चहाचं झाकण पाहिलं, बर्फातल्या खुणा पाहिल्या. दोन मोठ्या गुडघ्यांच्या, दोन छोट्या.

"नमस्कार कुणी केला?"

"यॉमने," मी म्हटलं. "आणि सेबोमने."

"माझ्या आधी?"

"तुम्ही वर होता."

त्यांनी त्या खुणांवरच चटई अंथरायला लावली आणि आपला नमस्कार उरकला. डोक्यापुढे लावायची मेणबत्ती वाऱ्यात काही पेटेना. यॉमबद्दलचे दोन शब्द राहिले ते राहिलेच. वसंतात ती जागा विक्रीतल्या एकाला मिळाली आणि यॉमला समुद्राकाठच्या गोदामात पाठवलं, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसायला नको.

खाली आलो तेव्हा मंडळींना दारू चढली होती. गाडीतली पुढची, हीटरजवळची जागा अध्यक्षांची. तिथे यॉम बसला होता. शर्टाची बटणं काढलेली, सेबोमचे दोन्ही पाय त्याच्या उघड्या पोटाला लावलेले, वरून जाकीट. त्याचे डोळे मिटलेले होते.

पांगसाहेब पायरीवर थांबले. "यॉम," ते म्हणाले.

"हळू बोला," सेबोम म्हणाली. "बाबा झोपलेत."

साहेबांनी मागे पाहिलं. आपल्या माणसांच्या तोंडांवर हसू यायची वाट पाहत ते म्हणाले, "डुकराला उठव बघू."

सेबोम हसली नाही. पुढे वाकून तिने आपला तळवा बापाच्या कानावर ठेवला आणि साहेबांकडे नुसती बघत राहिली. मागून कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिलं. पांगसाहेब मागे जाऊन बसले. ड्रायव्हरने गाण्यांची कॅसेट लावायला हात पुढे केला होता, तो त्याने मागे घेतला.

यॉम जागा होता. मी बाजूच्या बाकावर होते, जाकिटाखाली त्याचे हात सेबोमचे तळवे चोळताना मला दिसत होते. पण त्याने डोळे उघडले नाहीत, आणि आमचं गाव, चेचोन, येईपर्यंत सेबोमने त्याच्या कानावरचा हात काढला नाही.