पाण्याखालचा पत्ता

दुपारची भाकर खाऊन मोतीबाई ओट्यावर आडवी झाली, की गावाला जायची. त्यासाठी बस लागत नसे, जीप लागत नसे, घाटही चढावा लागत नसे. डोळे मिटायचे आणि पोहोचायचं. गाव जागच्या जागी असायचं. फरक एवढाच, की वर आभाळाऐवजी हिरवट पाणी असायचं, कुडाच्या भिंतींवरून मासे फिरायचे, आणि कोंबड्यांना हाक मारायला गेलं की तोंडातून आवाजाऐवजी बुडबुडे निघायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. घर आपलंच, त्याला नावं कोण ठेवणार?

गावाचं नाव उंबरापाणी. धडगावच्याही पलीकडे, सातपुड्याच्या कुशीत, नदीकाठी ते होतं. धरण झालं, नदीचा तलाव झाला, गाव बुडालं, आणि माणसांना शहाद्याकडच्या सपाटीवर आणून वसवलं. या नव्या वसाहतीला सरकारनं हौसेनं नाव दिलं नवलपूर, कमानीवर रंगवूनही टाकलं. मोतीबाईनं ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "इथं खाली राहतो." नवरा दिलवरसिंग इथंच खाली वारला, मुलगा भरत इथंच मोठा झाला, सून रविना याच ओट्यावर नवरी होऊन आली, तरी बाईचा मुक्काम आपला तात्पुरता. वाऱ्यावर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातल्या मळीचा वास आला की ती नाक मुरडायची, कूस बदलायची आणि पुन्हा गावाला जायची.

अलीकडे मात्र तिच्याआधी तिथं कुणीतरी येऊन बसलेलं असायचं. तिच्याच घराच्या उंबऱ्यावर, पाठमोरा, भरत. ती जिवाच्या आकांतानं हाक मारायची. बुडबुडे वर जायचे, भरत काही वळायचा नाही. मग तिला जाग यायची आणि पदर ओला लागायचा.

भरत बोटीवर कामाला गेला होता, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर. डोंगरातल्या पोरांनी समुद्र कुठे पाहिलेला असतो? पण मुकादमाला पोहणाऱ्या माणसापेक्षा न कुरकुरणारा माणूस हवा असतो, आणि तसल्या माणसांना सातपुड्यात तोटा नाही. पाण्यात दोन देशांमधली रेघ असते म्हणे. ती दिसत नाही, ओलांडली की मगच कळते. भरतची बोट जाळ्यामागे वाहत त्या रेघेपलीकडे गेली आणि तिकडच्या पहारेकऱ्यांनी सगळ्यांना धरून नेलं. जगाची गंमत बघा. तीच मासळी बर्फात पहुडून कुठल्या कुठे जाते, परक्या मुलखातल्या ताटात पडते, तिला कुणी गाव विचारत नाही. मासळी पकडणाऱ्याला मात्र पहिला प्रश्न तोच.

त्या प्रश्नाला भरतनं काय उत्तर दिलं, ते सुकलालमुळे कळलं. सुकलाल त्याच बोटीवरचा, अक्कलकुव्याकडचा पोरगा. दोन सरकारांचं मध्येच कधीतरी गोड झालं तेव्हा काही कैदी सुटले, त्यांत तो होता. घरी जायच्या आधी तो इकडे आला. चांगल्या मनाचा पोरगा.

"काकी, भरत बरा आहे," तो म्हणाला. "पण त्याचा कागद इकडे येतो आणि तसाच माघारी जातो. असं गावच नाही म्हणतात. तो इथलाच आहे हे ठरत नाही, तोवर इकडचे घेत नाहीत आणि तिकडचे सोडत नाहीत."

"कुठलं गाव सांगितलं त्यांनी?" रविनानं विचारलं. तिला तेव्हा दिवस गेलेले होते.

"उंबरापाणी."

"हे खालचं नाव सांगायचं ना!"

"आम्हीही तेच म्हटलं, वहिनी. पण पहिल्या जबानीत लिहिलं ते लिहिलं. आता बदललं तर म्हणतील, हा खोटं बोलतो, हेर असेल."

 ते उत्तर भरतचं नव्हतं, मोतीबाईचं होतं. माणसाची नाळ जिथं पुरली तिथला तो, हे तिनं त्याला दुधाबरोबर पाजलं होतं. शाळेत एकदा त्यानं पाटीवर नवलपूर लिहिलं, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवली होती. पोरगं आईचं शिकवणं विसरलं नाही. परक्या देशात, बंदूकवाल्यांसमोर उभं राहून त्यानं खरं तेच सांगितलं होतं. आणि त्या खरेपणापायी तो आत बसला होता.

रविना बाळंत झाली, मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं काजल. तिची नाळ सुकून पडली तेव्हा मोतीबाईनं ती चिंधीत बांधून एका सुक्या भोपळ्यात ठेवली आणि भोपळा आढ्याला टांगला.

"पुरायची नाही का?" रविनानं विचारलं.

"घरी पुरू," मोतीबाई म्हणाली. कुठलं घर, ते रविनाला कळलं. तिनं पोरीला पदराखाली घेतलं.

त्यानंतर दोघी धडगावला गेल्या, पोरीला घेऊन, वडापच्या जीपमध्ये कोंबून, घाटातल्या प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेत. कचेरीत रोहिणी नावाची तरुण अधिकारी होती, तापीकाठच्या प्रकाशा गावची लेक. शेजारी दोधू हवालदार उभा होता. गाव नाही, असा शेरा त्याचाच होता. माणूस सपाटीवरचा, मनानं सरळ.

"मावशी, मी काय खोटं लिखं का?" तो कळवळून म्हणाला. "मी सोता गयथू तठे. पानीच पानी शे. गाव कोठे शे ते दखाडा, आत्तेच लिखी देस."

रोहिणीनं जुने कागद काढले. उंबरापाणीच्या लोकांना हलवलं त्याची नोंद होती, दिलवरसिंगचं नाव होतं. भरतचं नव्हतं. लहान पोरांची नावं कोण लिहितं?

"आणि प्रश्न असा विचारलाय," ती हळू आवाजात म्हणाली, "की असं गाव आज आहे का. जे बुडालं ते आहे, असं मी कसं लिहू?"

"बुडालं म्हणजे मेलं का?" मोतीबाई म्हणाली. "मी रोज जाते. तुम्ही एकदा चला."

रविनानं सासूचा दंड दाबला. सासूला वेड लागलंय, असं साहेबांना वाटायला नको. पण रोहिणी हसली नाही. नदीकाठच्या माणसाला पाण्याखालच्या गोष्टी थोड्याफार कळतात. ती म्हणाली, "वैशाखात पाणी उतरतं. तेव्हा जाऊ. जागेवर पंचनामा करू."

वैशाखात खरंच पाणी उतरलं. तलावाच्या काठाला डोंगराची तांबडी कड उघडी पडली. बोट झिपरूची होती. झिपरू म्हणजे उंबरापाणीचाच म्हातारा. खाली यायला तयार झाला नाही, वरच्या टेकाडावर झोपडी बांधून राहिला, आणि आता स्वतःच्या बुडालेल्या शेतावर जाळं टाकून मासे धरायचा. बोटीत रोहिणी बसली, दोधू दोन्ही हातांनी कड धरून बसला, आणि पुढं मोतीबाई. काजल आजीच्या मांडीवर होती, रविना काठावर थांबली होती. मोतीबाईच्या कमरेला पदराखाली तो भोपळा होता.

पाणी इतकं निवांत होतं की वल्ह्याचाही आवाज परका वाटत होता. ऊन पाण्यावर पडून खाली जात होतं, खूप खाली. मोतीबाईनं डोळे अर्धे मिटले. समोरच्या डोंगराचं नाक आणि मागची खिंड एका रेषेत आली, तशी ती बोलू लागली. "हे खळं. इथं होळी पेटायची, ढोल वाजायचा. हळू रे झिपऱ्या, आता तुझ्याच घरावरून चाललोय."

"माहीत आहे," झिपरू म्हणाला आणि त्यानं वल्हं उचलून धरलं. बोट आपली आपण वाहू लागली. कुणाच्या घरावरून जाताना आवाज करू नये, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. दोधूनं तर डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. काजल पाण्याकडे बघून हसत होती आणि मोतीबाईला वाटलं, हिला खालची माणसं दिसतायत.

उताराला बोट चिखलाला लागली. चिखलातून सागाचे खांब वर आले होते, काळे, ताठ. एका बाजूला जात्याची तळी, अर्धी रुतलेली. मोतीबाई पोरीला रोहिणीकडे देऊन उतरली, घोटाभर चिखलात चालत गेली आणि दोन खांबांच्या मधून वाकून आत शिरली. वर ना छप्पर ना तुळई, तरी ती वाकली. तिथं दार होतं.

"हे माझं घर," ती म्हणाली. "या कोपऱ्यात भरतची नाळ आहे."

रोहिणी बघत राहिली. तिनं त्या वाकलेल्या बाईला पाहिलं, आणि तिला दुसरा पुरावा नको होता. तरी रीत म्हणून तिनं फोटो काढले, भरत याच घरातला, या जबाबावर पंच म्हणून झिपरूचा अंगठा घेतला आणि दोधूला सांगितलं, "लिहा. उंबरापाणी हे गाव आहे. सध्या पाण्याखाली आहे."

"लिखस, मॅडम," दोधू म्हणाला. 

मोतीबाईनं त्या कोपऱ्यात गुडघे टेकले. भोपळा सोडला, चिंधी बाहेर काढली आणि बोटांनी चिखल उकरायला लागली. चिखल गार होता, ओळखीचा होता. झिपरूनं मान डोलावली. "पूर, पूर. म्हणजे ही पण आपलीच झाली."

बोटं थांबली. रोहिणीच्या कडेवर काजल टकामका बघत होती. मोतीबाईला ती मोठी झालेली दिसली, कुठल्या तरी लांबच्या देशात, कुणाच्या तरी टेबलासमोर. कुठली गं तू? आणि पोरगी आजीनं शिकवलेलं नाव सांगतेय, आणि कागद फिरून माघारी येतोय. दर वेळी कोण वैशाखाची वाट बघणार? दर वेळी कोण रोहिणी भेटणार?

"नाही," ती म्हणाली. तिनं चिंधी पुन्हा भोपळ्यात घातली. उकरलेला खड्डा तिनं हातानं बुजवला आणि तिथंच बसून ती रडली. गाव बुडालं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

कागद गेला. वरच्या वर कुठं कुठं फिरला, देव जाणे. दोन देशांची मधेच तोंडं फिरली, मग कुणी कुणाला हात जोडले, आणि पावसाळा सरल्यावर एका सकाळी भरत नंदुरबारच्या स्टेशनावर उतरला. हाडं वर आलेली, नजर जमिनीला. दोधूच त्याला घ्यायला गेला होता. घरी येताना प्रकाशाच्या पुलावर सगळी बस तापीकडे वळून हात जोडत होती. भरतनं मात्र डोळे मिटून घेतले, पाणी मागं पडेपर्यंत उघडले नाहीत. कमानीखाली कुणीतरी सहज विचारलं, "कुठले भाऊ?" तर तो थांबून, ताठ उभा राहून, हात विजारीच्या शिवणीला लावून, गाव-तालुका-जिल्हा एका दमात बोलून गेला. वाट बघत कमानीशी उभ्या असलेल्या मोतीबाईनं ते ऐकलं. नाव नवलपूरचंच होतं. पण ते मार खाल्लेल्या पोरानं पाठ म्हणावं तसं आलं होतं.

जेवण झाल्यावर तो घराच्या उंबऱ्यावर बसला, अंगणाकडे तोंड करून. घरात बसायची सवय मोडली होती म्हणे.

"आयी," तो न वळता म्हणाला, "आत असताना मी रोज उंबरापाणीला जायचो. आपल्या उंबऱ्यावर बसायचो. तू मागून यायचीस, हाक मारायचीस, असं वाटायचं. पण आवाजच यायचा नाही."

मोतीबाईनं तिचं स्वप्न कुणालाच सांगितलेलं नव्हतं. रविनालाही नाही. ती उठली, आढ्याचा भोपळा काढला आणि त्याच्या हातात दिला. "हिची नाळ. तू सांगशील तिथं."

भरतनं चिंधी उघडून पाहिली, पुन्हा बांधली. मग कुदळ घेतली आणि अंगणात, ओट्याच्या कोपऱ्याशी खणायला लागला. "इथंच," तो मागोमाग अंगणात आलेल्या आईला म्हणाला. "हिनं नाव सांगावं आणि ते कुणालाही सापडावं." नाळ ठेवून त्यानं माती लोटली, पायानं दाबली, आणि पुन्हा जाऊन उंबऱ्यावर बसला. या वेळी अंगणाकडे पाठ करून, कारण डोळे भरले होते आणि ते आईला दाखवायचे नव्हते.

नाळ पुरली की पोराच्या कानात गावाचं नाव आजीनं सांगायचं, ही रीत; भरतच्या कानात ते त्याच्या आजीनं सांगितलं होतं. आता आजी मोतीबाई होती. तिनं काजलला उचललं, ताज्या मातीवर उभी राहिली आणि पोरीच्या कानाशी तोंड नेलं. क्षणभर तिला वाटलं, बुडबुडेच निघतील.

"नवलपूर," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

उंबऱ्यावर पाठमोरा बसलेला भरत वळला.