सेल्लोचे चार ढीग

माझी बायको एतेल्का फेब्रुवारीत गेली. तिला पुरून आम्ही दफनभूमीच्या दारापर्यंत आलो आणि ओट्टो केरेकेशने मला बाजूला घेतलं. टोपी हातात, चेहरा पाडलेला. मला वाटलं, सांत्वनाचे दोन शब्द बोलेल.

"गेर्गेय, तेवढं सांगून टाक," तो म्हणाला. "शर्यतीत सेल्लोला ती काय घालायची?"

सेल्लो ही घोडी. कागदावर ओट्टोची, पण सहा वर्षं तिला वाढवली आणि पळवली एतेल्काने. घोडी तुझीच समज, असं ओट्टो दहा माणसांत म्हणाला होता. एतेल्काच्या ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी त्याचा ट्रेलर आमच्या अंगणात आला आणि घोडी घेऊन गेला. दवाखान्यात ती रोज विचारायची, "सेल्लो खातेय ना?" मी म्हणायचो, "खातेय." तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दारात उभं राहून मी ओट्टोला सांगितलं, "बादलीत ओट्स घाल, वरून सफरचंदाचं सरबत. मिठाची पावडर त्यातच कालव. आणि बांधून ठेव, म्हणजे लक्ष उडत नाही."

यातला एकही शब्द खरा नव्हता.

घरच्या कुरणात सेल्लो निमूट चरते. शर्यतीत, दोन फेऱ्यांमधल्या थांब्यावर, मात्र तिचे नखरे सुरू होतात. बादलीत एकदा मीठ लागलं की दिवसभर बादलीकडे बघत नाही. एतेल्का जमिनीवर चार ढीग मांडायची, एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर. ओला लसूणघास, वाळलेलं गवत, भिजवलेला बीटाचा चोथा, गाजरं. दोरी सैल सोडायची. घोडी इथे चार घास, तिथे चार घास, अशी फिरत फिरत पोट भरायची. मीठ शेवटी, पिचकारीने थेट तोंडात. लोक हसायचे. "एतेल्का, नवरा उपाशी, घोडीला मेजवानी!" ती म्हणायची, "नवऱ्याला एकशेवीस किलोमीटर पळव, त्यालाही मांडते."

मे महिन्यात बाकोन्यच्या डोंगरात तीच एकशेवीस किलोमीटरची शर्यत होती. तिथे तपासणीच्या जागी पाण्याची टाकी भरायचं काम पंधरा वर्षं माझ्याकडेच आहे. सेल्लोवर ओट्टोची मुलगी बोर्बाला बसली होती. चांगली पोर आहे, हात हलका.

दर फेरीनंतर डॉक्टर घोड्याची नाडी, चाल आणि पोट तपासतात. घोडा खात नसला की आतडी थंडावतात, पोटातला आवाज बंद होतो. मग त्याला पुढे सोडत नाहीत.

पहिल्या तपासणीला सगळं ठीक होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टर शारोल्ताबाई म्हणाल्या, "आवाज कमी आहे. खायला घाला." ओट्टोने बादली पुढे केली. सेल्लोने हुंगून मान फिरवली.

"खा ना गं, महाराणी!" ओट्टो ओरडला. मग माझ्याकडे वळला. "गेर्गेय, ही शिवतसुद्धा नाही."

"सरबत कमी पडलं असेल."

त्याने आणखी ओतलं. मी टाकीत पाइप सोडून बघत बसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या तपासणीला शारोल्ताबाईंनी स्टेथोस्कोप डावीकडे लावला, उजवीकडे लावला, पुन्हा डावीकडे लावला. "काहीच ऐकू येत नाही. वीस मिनिटांनी परत आणा. तोवर पोट बोललं नाही तर बाद."

ओट्टोने दोरी आखूड बांधली आणि बादली घोडीच्या नाकाशी धरली. बोर्बाला म्हणाली, "बाबा, सोडून बघू या का? तिला फिरायचंय."

"तू गप बस. गेर्गेयने सांगितलंय ते करतोय."

बाराव्या मिनिटाला सेल्लोने मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पोट दुखायला लागलं की घोडा असं करतो. मी उठलो आणि परत बसलो. घोडीचा काही गुन्हा नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी आठ मिनिटं मी घड्याळ बघत बसून राहिलो.

"बाद," शारोल्ताबाई म्हणाल्या आणि कार्डावर सही केली.

मग मी माझ्या गाडीकडे गेलो. चारही गोष्टी सकाळीच डिकीत भरून आणल्या होत्या. सगळ्यांच्या समोर मी ढीग मांडले, घोडीची दोरी सोडली आणि बाजूला झालो. सेल्लो लसूणघासाशी गेली. मग चोथ्याशी. मग परत लसूणघासाशी.

बोर्बाला माझ्याजवळ आली. "काका, आणि मीठ?"

पोरीशी खोटं बोलायचं कारण नव्हतं. "खाऊन झाल्यावर. पिचकारीने."

ओट्टोचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तुला माहीत होतं? मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम."

"अरे, घोडी मेली असती!"

"मेली असती," मी म्हणालो. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं होती, सगळी एतेल्काला ओळखणारी. मी आवाज चढवला. "तू मला हे कधी विचारलंस, तेही सांग ना. एतेल्कावरची माती ओली होती. तू टोपी हातात घेऊन घोडीचं खाणं विचारायला आलास. ती दवाखान्यात असताना तिच्या दारातून घोडी नेलीस, आणि तिला कळू नये म्हणून मी रोज खोटं बोललो. ते खोटं तुझ्यापायी बोललो, ओट्टो. हे दुसरंही तुझ्यापायीच."

शारोल्ताबाई घोडीच्या पोटाला कान लावून उभ्या होत्या. त्यांनी हळूच मान डोलावली. आतडी चालू झाली होती.

"बाबा," बोर्बाला म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, काकूंनीच घोडी परत पाठवली."

ओट्टो म्हणाला, "गाडीत बस. घरी बोलू."

"दवाखान्यातून?"

"बोर्बाला, गाडीत बस."

ती बसली नाही. तो एकटाच स्टिअरिंगवर बसला, इंजिन चालू केलं, वाट बघितली, बंद केलं. पोर घोडीच्या गळ्यात हात टाकून रडत होती. तिचं मला वाईट वाटलं. त्याचं नाही वाटलं, आजही वाटत नाही. मी जाऊन सेल्लोच्या पोटावर हात ठेवला. आतली गुरगुर तळव्याला लागली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी तिचं काय करून बसलो असतो.