एका मोत्यानं आखूड

बँकेच्या लॉकरमधनं आव्वाचा, म्हंजी माझ्या आजीचा, तन्मणी घरी आला तवा आईचं तोंड बघण्यासारखं झालं हुतं.

थोरल्या भनीचं, अक्काचं, लगीन तोंडावर आल्यालं. अक्का पाळण्यात हुती तवापासनं आव्वा म्हणत आल्याली, "मयूरी, माझा तन्मणी तुझ्या गळ्यात बघितल्याबिगर मी काय जायची न्हाई." आन् डबी उघडली तर मोती कसले? ताटात साय वाळून चिकटावी तसे पिवळट, मेल्यागत.

"आत्याबाई, आवं हे मेल्यालं मोती घालून पोरगी मांडवात उभी करायची व्हय?" आई म्हणली. "सांगलीत मी नवा सेट बघून ठेवलाय. पांढराशुभ्र हाय. फोन केला की बांधून देतील."

"मेलं न्हाईत, झोपल्यात," आव्वा म्हणली. "मोत्याला माणसाचं अंग लागतं. तुझा सासरा गेल्यापासनं लोखंडाच्या कपाटात पडल्यात. कुणाला झोप लागणार न्हाई? चार आठवडं अंगावर घाला, बघा उठतात का न्हाई."

पण घालायचं कुणी? अक्काला रोज उटणं, क्रीम, पार्लर, आन् मोत्याला तर अत्तराचा वास बी सोसत न्हाई. आई सगळा दिवस चुलीपुढं, तेलाच्या हातानं. आव्वा तर आजोबा गेल्यापासनं गळ्यात काय घालतच न्हाई. मंग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

अकरावीत मास्तरशी माझं वाजलं आन् त्या दिवसापासनं मी दप्तर उचललं न्हाई. तवापासनं घरात जे काम कुणाला नगं ते माझ्या गळ्यात पडतं. ह्या टायमाला खरोखरच गळ्यात.

"हिलाच घाला," आव्वा म्हणली. "हिच्या अंगात ऊब लय. सदा तापल्याली असती."

सगळी फिदीफिदी हसली. मी म्हणलं, "मी काय कोंबडी हाय व्हय, अंडी उबवायला?" आव्वानं गप माझ्या कपाळावर हात ठेवला आन् आईला म्हणली, "बघ, चढली की लगीच."

शेवटी ठरलं असं. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मोती जागं झालं तर अक्का तन्मणी घालणार. न्हाईतर आई सांगलीला फोन लावणार. आव्वानं डबीतनं तन्मणी काढताना त्याच्यावरनं दोनदा अंगठा फिरवल्याला मी बघितला. माझ्या डोळ्यातनं काय सुटत न्हाई. मी टी-शर्टाचा गळा पुढं ओढला आन् म्हणलं, "घाल बाई."

गळ्यात घालायच्या आधी मी तो हातात धरून नीट बघितला. मधी लटकतं लाल खड्याचं खोड, त्याला मोत्यांचं दोन सर. "आव्वा, वरचा सर एका मोत्यानं आखूड हाय."

आव्वानं चष्मा वर केला. "तुला दिसलं व्हय? तुझ्या आईला लगीन होऊन आल्यापासनं दिसलं न्हाई."

"का आखूड हाय?"

"ते साताऱ्याच्या बनुला इचार."

बनुआजी म्हंजी आव्वाची धाकटी भन. आव्वाच्या गोष्टी नेहमी अशा अर्ध्या आमच्या कुंडल गावात आन् अर्ध्या साताऱ्यात.

तर मी मोती घालून हिंडायला लागले. द्राक्षाच्या बागंत टी-शर्टाच्या आत मोती. स्कूटीवर दळण नेताना आत मोती. झोपताना मोती. पहिले चार दिवस नुसती खाज. रोज सकाळी आव्वा आमच्या जैन बस्तीतनं दर्शन करून आली की मला खिडकीत उभी करायची, मऊ फडक्यानं एकेक मोती पुसायची आन् एक मोती दातावर घासायची. खरा मोती दातावर कुरकुरतो म्हणं. आव्वाला दात न्हाईत, म्हणून माझ्या दातावर.

"कुरकुरतंय?"

"व्हय."

"म्हंजी खरा हाय."

"खरा हाय ते तुला लगीन झाल्यापासनं ठाऊक हाय की. रोज कशाला?"

"तेवढा येळ तुझं तोंड गप राहतं म्हणून."

मंग एक दिवस न्हाणीतनं आले आन् आरशात बघितलं तर खोडाजवळच्या मोत्यात काय तरी हललं. मला वाटलं पाण्याचा थेंब हाय. पुसला, तर गेला न्हाई. मोत्याच्या आतनं गुलाबीसर उजेड येत हुता, बारक्या पोराच्या नखातनं येतो तसा. मी तशीच वरडत बाहेर आले. आव्वानं बघितलं आन् माझ्या गालावरनं बोटं फिरवून सोताच्या कानशिलावर मोडली.

त्या दिवसापासनं मी वळणावर आले म्हणा. दुपारी आंघोळीला साबण न्हाई, अक्काच्या अत्तराजवळ जायाचं न्हाई. आई रोज इचारायची, "उठलं का गं तुझं मोती?" आन् तिच्या इचारण्यात जरा चेष्टा असली तरी मी भांडायचे न्हाई. माझ्यावर कुणी कधी काय सोपवलं न्हाई ओ. सोपवलं तर परत घेतलं. हे मोती मात्र माझ्याच अंगावर उठत हुतं, दुसऱ्या कुणाच्या न्हाई.

सगळं उठलं. राहिला दोरा. तो पार कुजल्याला. दोऱ्यात मोती ओवायचं काम आमच्यात बनुआजीशिवाय कुणाला जमत न्हाई, म्हणून आव्वानं मला साताऱ्याला धाडलं.

"डबीत घालू नगंस, अंगावरच ने. आन् ब्राह्मे, दोरा जुना हाय. वाटंत कुणाशी भांडू नगंस."

"मी कशाला भांडू?"

घरातलं सगळं हसलं. मांजर बी हसलं आसंल.

कराडला गाडी बदलायची हुती. स्टँडवर उकाडा, म्हणून मी ओढणी काढून पिशवीत कोंबली. टी-शर्टावर तन्मणी आला. समोरच्या बाकावर एक कॉलेजचा पोरगा हुता. त्यानं बघितलं, मित्राला ढोसलं, आन् कुत्र्याला बोलवतात तशी चुटकी वाजवत म्हणला, "ये मोती, ये, ये. मोती, छू!"

मी कवा उठले मला कळलं न्हाई. त्याची कॉलर माझ्या मुठीत हुती. त्यानं हात झटकला, माझी मूठ मागं आली, आन् गळ्याजवळ बारीकसं टक् झालं.

खालचा सर तुटला हुता. मोती टपाटपा फरशीवर पडलं आन् पळालं.

"कुणी हलायचं न्हाई!" मी अशी वरडले की सगळा स्टँड थांबला. खरंच थांबला. साताऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं चालू केल्याली गाडी बंद केली. टोपलीवाली बाई एक पाय वर धरून तशीच उभी. "पोरीचं मोती पडल्यात, पाय उचलून ठेवा रं!" ती म्हणली. मंग जो तो खाली बसला. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून बाकाखाली हात घातला. एका म्हातारबानं काठीनं चार मोती हळूच माझ्याकडं ढकललं, गोट्या खेळल्यागत. रसाच्या गाड्याखाली, उसाच्या चिपाडात बी दोन गेल्यालं. ते काढायला तोच पोरगा पोटावर सरपटत गेला. बाहेर आला तर केसात चिपाडं, शर्ट चिकट, आन् हातात माझं मोती.

"सॉरी ताई. मला वाटलं खोटं आसंल."

"तोंड खोटं हाय तुझं! नाव काय?"

"गुंडा."

"नाव सांग म्हणलं, धंदा न्हाई."

"नावच हाय ओ. आजोबांचं ठेवलंय. मलकापुरात कुणालाबी इचारा."

टोपलीवाली एवढी हसली की तिला बसाय लागलं. मला बी हसू येत हुतं, पण मी दाबलं. मोती रुमालात बांधलं. गुंडा आणिक एकदा सगळा फलाट वाकून फिरला, आन् माझा नंबर घेतला. "एखादा ऱ्हायला असला तर मी शोधून फोन करतो."

साताऱ्यापर्यंत मी रुमाल मुठीत धरून बसले. आता आव्वाला काय सांगू? एकच काम दिल्यालं, आन् त्यात बी मी कॉलर धरली.

बनुआजी दारातच हुती. "दिवस मावळायच्या आत जेवून घे आधी. मोती कुठं पळत न्हाईत."

"पळाल्यात की," मी म्हणलं आन् सगळं सांगितलं. ती जेवणभर ऐकत हुती. "कंडक्टर बी वाकला?" असलंच इचारत हुती, आन् तिच्या नाकातली चमकी उजेडात हलत हुती. बारका मोती. आतनं गुलाबीसर. मी घास तसाच धरला. पण ती म्हणली, "भाजी घे," आन् माझं इचारायचं ऱ्हायलं.

सकाळी ती खिडकीत बसली. रेशमाचा दोरा मेणावरनं ओढला, दोन्ही सर नव्यानं ओवलं, प्रत्येक मोत्यामागं एक गाठ. मी शेजारी बसून नख कुरतडत हुते. शेवटची गाठ मारून तिनं तन्मणी पांढऱ्या फडक्यावर ठेवला, दोन्ही सर शेजारी शेजारी सरळ केलं. आन् हसायला लागली ती थांबंचना.

"काय झालं? सांग की!"

"सोताच बघ."

मी बघितलं. दोन्ही सर सारखं हुतं. तुटल्याल्या सरातला एक मोती खरंच हरवला हुता, आन् म्हणून तो आता वरच्या आखूड सराएवढा झाल्याला. एकदम बरोब्बर. मुद्दाम केल्यागत.

"वरच्यातला हा," बनुआजीनं चमकीवर बोट ठेवलं. "माझ्या अक्काचं, म्हंजी तुझ्या आव्वाचं, लगीन ठरलं तवा हे मोती आमच्या आजीकडनं असंच झोपून आल्यालं. तवा बी घरात एकच तापट हुती." तिनं छातीवर हात मारला. "सगळा पावसाळा गळ्यात घालून हिंडले. लग्नादिवशी अक्का मांडवात जायाच्या आधी म्हणली, बने, तू उठवलंस, एक तुझा. सोनाराकडनं काढून दिला. त्या दिवसापासनं सर वाकडा तो वाकडाच. आता सरळ झाला बघ. जो गेला तो तुझा मोती हुता, ब्राह्मे. तुझ्या आव्वाचं काय गेलं न्हाई."

मला लय बरं वाटलं. मंग दोन मिनिटानं लय राग आला.

"पण माझा कुठाय? माझा तर कराड स्टँडवर हाय!"

"कॉलर कुणी धरल्याली?" म्हणली, आन् परत हसायला लागली.

कुंडलात आल्यावर आव्वानं तन्मणी उन्हात धरला. आई पदराला हात पुसत आली, बघितलं, आन् पुसल्याल्या बोटानं एकेक मोती चाचपला. मंग आत जाऊन फोनवर कुणाला तरी म्हणली, "न्हाई ओ, नवीन नगं आता. आमच्या घरात हाय. धाकटीनं केलाय." मी दाराआड हुते. धाकटीनं केलाय, असं म्हणली.

सांगलीच्या हॉलमदी अक्का पिवळ्या शालूत उभी ऱ्हायली तवा फोटोवाल्यानं लाईट लावायच्या आधीच मोती दिसत हुतं. नवऱ्याकडच्या बायका वाकून वाकून बघत हुत्या. आव्वा पहिल्या खुर्चीत, एकदा अक्काकडं बघायची, एकदा माझ्याकडं. माझ्या गळ्याला मात्र गार लागत हुतं. सारखा हात तिथं जायाचा आन् रिकामा परत यायचा.

आन् तो गुंडा रोज फोन करायचा. "ताई, आज बी न्हाई सापडला. झाडणाऱ्या मावशीला सांगून ठेवलंय." मी म्हणायचे, "डोळं फुटल्यात का तुझं?" तो म्हणायचा, "उद्या परत बघतो."

लगीन होऊन घर शांत झालं तवा आईनं धुण्याचा ढीग काढला. "ब्राह्मे! ही जीन्स साताऱ्याला घातल्याली ती अजून तशीच? आता ही सोताच्या पायावर उभी ऱ्हाईल की गं!" आन् रागानं तिनं जीन्स झटकली. मी खालनं दोनदा दुमडून घालते. त्या दुमडीतनं काय तरी उडालं, धुण्याच्या दगडावर टक् वाजलं आन् गोल फिरून थांबलं.

आम्ही दोघी बघतच ऱ्हायलो. मंग आव्वाला हाक मारली. आव्वा काठी टेकत आली, मोती उचलला, माझ्या दातावर घासला.

"कुरकुरतंय?"

"व्हय."

"उद्या सोनाराकडं. नाक टोचून घे."

"नाक न्हाई टोचणार. वर, कानाच्या पाळीवर घालणार. पोरं भिकबाळी घालतात तसा."

"पोरीच्या जातीला?" आई म्हणली.

"घालू दे," आव्वा म्हणली. "ऊब तिथं बी पोचती."

आता तो माझ्या उजव्या कानात वर हाय. राग आला की तिथंच आधी गरम लागतं, आन् आव्वा लांबनंच म्हणती, "बास, उठला तो, आता तू बस."

मोती सापडला त्या संध्याकाळी मीच गुंडाला फोन लावला. "सापडला. माझ्याच जीन्समदी हुता."

"म्हंजी रोज मी फलाटावर वाकत हुतो ते..."

"फुकट."

"मंग आता उद्यापासनं मला कोण शिव्या देणार?"

मी मुठीतला मोती कानाच्या पाळीवर टेकवला. मोती गरम हुता.

"नंबर हाय की तुझ्याकडं," मी म्हणलं, आन् फोन ठेवला.