पालथी देवी

"आजी, चपला घाला पायात. इथं काढायच्या नसतात," संग्रहालयाच्या दारावरचा राखणदार म्हणाला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर सिद्धोधन असं नाव होतं. माझ्या नातीनं, धनश्रीनं, वाचून सांगितलं.

"आत देव हाय ना? मंग मी देवासाठी काढल्या. तुमच्या फरशीसाठी न्हाई."

मी चपला हातातल्या पिशवीत कोंबल्या. त्याच पिशवीत नारळ, तांदूळ अन् हिरवा खण होता. त्याला ते दिसलंच.

"ओटी भरता येणार नाही, आजी. नियम आहे."

"देवीला बघायला तिकीट लावता, अन् ओटी कामून चालत न्हाई? कैदेत ठेवलीय का तिला?"

धनश्रीनं माझा दंड दाबला. "आज्जी, चल ना गं. लोक बघायलेत."

लोकांचं मला काही नाही. धाकधूक वेगळीच होती.

लग्न होऊन मी चारठाण्याला आले, तेव्हा आमच्या मालकांनी, सांबप्पांनी, पडक्या बारवेजवळचा, खालून चिखलानं लिंपलेला एक सपाट दगड बैलगाडीत घालून आणला अन् परसात टाकला. "घे, धुणं धुवायला ओढ्याला जायला नको," म्हणाले. बायकोसाठी हौसेनं आणलेली तेवढीच एक वस्तू. पंचेचाळीस वर्षं मी त्यावर धुणं आपटलं.

गेल्या साली नळाचा पाइप टाकायला खोदलं, दगड उलटला, अन् चिखलानं माखलेली मूर्ती निघाली. मांडीवर लेकरू घेतलेली देवी. सगळा गाव बघायला लोटला. मी मात्र बघितलं नाही. कारण शेजारची दगडाबाई आधीच ओरडली होती, "नागुबाई, लेकराचं तोंड फुटलंय गं! आता कळलं तुझा बसवा कामून राहिला न्हाई ते."

बसवा माझं पहिलं. सात महिन्यांचा होऊन गेला.

माझ्या तोंडाला तोंड देणारी बाई गावात अजून जन्मायची आहे. पण त्या दिवशी मी घरात शिरले अन् दार लावून घेतलं. सरकारी माणसं मूर्ती चिखलासकट घेऊन गेली. मागं माझा घास कडू झाला तो झालाच.

पहिल्या दोन खोल्यांत नुसती चित्रं होती. राजे, घोडे, बाया. एकीच्या अंगावर चिंधीसुद्धा नव्हती.

"एवढा मोठा कागद रंगवला, अन् लुगड्यापुरताच रंग संपला व्हय?"

धनश्री तोंड दाबून हसली. तिसऱ्या खोलीत मात्र ती थांबली. "आज्जी, हीच बघ."

मी आधी देवीचे पाय बघितले. नजर वर जाईना. हात गळ्यातल्या लिंगावर गेला.

"लेकरू... फुटलंय का गं?"

"कुठं काय फुटलंय? तूच बघ की."

बघितलं. फुगरे गाल, आईच्या छातीवर ठेवलेली मूठ. नाकाचा शेंडासुद्धा जागेवर होता. देवी त्याच्याकडे बघत होती, दुसरीकडे कुठंच नाही.

"पालथी होती म्हणून वाचली, असं आमचे साहेब म्हणतात," सिद्धोधन मागून म्हणाला. "उघड्यावर असती तर ऊन-पावसानं नाक-डोळे राहिले नसते."

मी तिथंच फरशीवर बसले. मग म्हणाले, "त्या दगडाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अन् मी येडी वरीसभर तिच्या डोळ्यांनी बघत बसले."

उठून मूर्तीच्या मागं गेले. धनश्रीनं पाटी वाचली, "मागील बाजू झिजलेली. कारण अज्ञात."

"म्हंजे?"

"कशानं झिजली ते माहीत नाही, असं लिहिलंय."

"न्हाई कसं? मी उभी हाय की हितं!"

सिद्धोधन हसला नाही. "साहेबांना सांगतो, आजी. नाव काय लिहायचं?"

"चारठाण्याची नागुबाई. सांबप्पाची."

देवीच्या पाठीवर बरोबर माझ्या तळव्याएवढा खळगा पडला होता, गुळगुळीत. बसवाचं पहिलं झबलं मी तिथंच धुतलं होतं. खळग्यात थोडी धूळ बसली होती.

मी पिशवीतून हिरवा खण काढला. सिद्धोधननं एकदा माझ्याकडे बघितलं अन् खिडकीकडे तोंड फिरवलं. मी सावकाश धूळ पुसली, खणाची घडी घातली आणि कमरेला खोचली.